नामदार गोखले आणि गावचा कारभार

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठी गुहागर हे रमणीय गाव वसले आहे. पश्चिमेस अथांग सागर, किनाऱ्यालगत नारळी-पोफळींच्या वाड्या आणि गावात व्याडेश्वराचे मंदिर, अशी त्याची शोभा आहे. याच गुहागर तालुक्यातील कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. थोर देशभक्त आणि अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक म्हणून त्यांची कीर्ती आहे. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. परंतु देशाची चिंता वाहणाऱ्या या पुरुषाने गावाच्या कारभारालाही तितकेच महत्त्व दिले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

गोपाळरावांचे बालपण कष्टात गेले. ते तेरा वर्षांचे असताना वडील निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. त्यांना महिना पंधरा रुपये मिळत. त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून गोपाळ रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात अभ्यास करी, असे सांगतात. तो दिवा कोणा एका धनिकाचा नव्हता, सर्वांचा होता. गावाच्या पैशातून लावलेला एक दिवा गरिबाच्या मुलाला किती उपयोगी पडतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१८८४ साली गोखले बी. ए. झाले. पुढे पुण्यास येऊन त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केले. पुण्याच्या नगरपालिकेचे ते सभासद झाले आणि काही काळ त्यांनी तिचे अध्यक्षपदही सांभाळले. १९०५ साली बनारस येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. एवढा मान मिळवणाऱ्या गृहस्थालाही गटारे, पाणी आणि रस्ते यांचा विचार कमी प्रतीचा वाटला नाही.

नगरपालिकेचे उत्पन्न मर्यादित असते आणि गरजा मात्र अनेक असतात. एका कामावर पैसा खर्च केला की दुसरे काम मागे पडते. म्हणून कोणते काम आधी व कोणते नंतर, हे ठरवणे हाच नगरपालिकेच्या कारभारातील सर्वांत अवघड भाग असतो. हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा? गोखल्यांचे उत्तर स्पष्ट होते: ज्यांना त्या निर्णयाचे फळ भोगावयाचे आहे, त्यांच्याच प्रतिनिधींकडे तो असावा. त्या काळी देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि स्थानिक संस्थांवर सरकारी अधिकाऱ्यांचा मोठा दाब असे. सरकारने नेमलेल्या एका आयोगापुढे १९०८ साली साक्ष देताना गोखल्यांनी आग्रह धरला की, गावोगावी पंचायती असाव्यात, स्थानिक मंडळांत लोकांनी निवडलेले सभासद असावेत आणि त्यांना खरे अधिकार मिळावेत.

या विचारांची कसोटी लवकरच लागली. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या शेकडा दोनसुद्धा मुले प्राथमिक शाळेत जात नव्हती. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. साऱ्या देशावर एकदम सक्ती करावी, असे त्यात नव्हते. ज्या गावात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल, तेथील नगरपालिकेने किंवा जिल्हा मंडळाने आपण होऊन निर्णय घ्यावा. सरकारची संमती मिळवावी. आणि मग सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठवणे पालकांवर बंधनकारक करावे. पुढे मुलींनाही हा नियम लावता येणार होता. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी असेल, त्याच्याकडून फी घेऊ नये, अशी तरतूद होती. खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेने आणि दोन भाग सरकारने सोसावेत, असे गोखल्यांनी सुचवले होते.

विधेयकाला कडवा विरोध झाला. लोकांचीच अशी मागणी नाही, एवढा पैसा कोठून आणावयाचा, असे आक्षेप पुढे आले. गोखल्यांनी प्रत्येक आक्षेपाला आकडे व दाखले देऊन उत्तर दिले. इंग्लंड आणि जपान या देशांनी सक्तीच्या शिक्षणाने काय साधले, ते त्यांनी सांगितले. दूर कशाला, सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात हाच प्रयोग केला होता, तोही त्यांनी पुढे ठेवला. तरीही १९ मार्च १९१२ रोजी विधेयक फेटाळले गेले. बाजूने १३ मते पडली, विरुद्ध ३८.

पराभव होणार, हे गोखल्यांना आधीच कळले होते. तथापि ते खचले नाहीत व कोणावर रागावलेही नाहीत. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणेच आले आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. स्वतंत्र भारतात २००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला व मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. कोतळूकच्या सुपुत्राने पेरलेले बी असे उशिरा, पण जोमाने रुजले.

आज गुहागरास नगरपंचायत आहे. तिचे सभासद लोकांनी निवडलेले असतात. गोखल्यांनी ज्या अधिकारासाठी वाद घातला, तो आता आपल्या हाती आहे. पाणी, रस्ता, दिवा, कचरा यांविषयीचा ठराव पुढे येतो, तेव्हा सभासदाने हात वर करण्यापूर्वी आकडे तपासावेत, खर्च कोणावर पडतो ते पाहावे आणि ज्याला सभागृहात बोलता येत नाही, अशा गरिबाच्या मुलाचे हित त्यात आहे की नाही, याचा विचार करावा. नागरिकांनीही त्याला हेच प्रश्न विचारावेत. गावचा कारभार चांगला व्हावयाचा, तर विचार करणारा सभासद आणि विचारणारा नागरिक, दोघेही हवेत.

स्वाध्याय

१. नगरपालिकेच्या कारभारातील सर्वांत अवघड भाग कोणता? का?
२. गोखल्यांच्या विधेयकातील मुख्य तरतुदी तुमच्या शब्दांत लिहा.
३. विधेयक फेटाळले गेले, तरी गोखल्यांचे श्रम वाया गेले नाहीत, हे कशावरून दिसते?
४. तुमच्या गावातील ग्रामपंचायतीपुढे किंवा नगरपालिकेपुढे असलेला एखादा प्रश्न निवडा. त्याविषयी सभासदाला कोणते तीन प्रश्न विचाराल, ते लिहा.