शंका-समाधान: शिकारीची लोकरी पँट

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. ऑफिसातल्या किंवा शेजारच्या मंडळींबरोबर हरणाच्या शिकारीला जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत आणि बंदुकीबद्दल त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतात. कपड्यांबद्दल मात्र ‘जाड काहीतरी घाल’ एवढ्यावरच बोळवण होते. मी लोकरी कापडाच्या धंद्यात आयुष्य काढलं आणि हंगामात जंगलातही जाते, म्हणून या वेळी सगळी जागा लोकरी पँटलाच देते आहे.

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या हंगामात पहिल्यांदाच मचाणावर बसणार आहे. सहकारी म्हणतो, दुकानातली सगळ्यात जाड लोकरी पँट घे. पैसे बरेच जातील. घेऊ का?
— एक वाचक, वॉसॉ

लगेच घेऊ नका. तुमच्या सहकाऱ्याच्या डोळ्यांपुढे हंगामातला सगळ्यात थंड दिवस आहे. तुम्ही सगळ्यात ओला दिवस धरून निवड करा. कोरडी थंडी उणे दहाची असली तरी आत एक थर वाढवून निभावते. माणूस गारठतो तो शून्य ते पाच अंशांच्या मधल्या रिमझिम पावसात, वारा सुटलेला असताना आणि तासन्‌तास एका जागी बसून. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये त्या एकाच आठवड्यात पहाटेचं कडक हिव, दुपारचा पाऊस आणि रात्रीचं बर्फ असं तिन्ही पाहायला मिळू शकतं.

लोकर इथे उपयोगी पडते ती तिच्या घडणीमुळे. तंतूवर खवले असतात, त्यामुळे पाण्याचा थेंब वर काही वेळ ठरतो. आतला गाभा मात्र हवेतली आणि अंगाची वाफ शोषून घेतो, आणि तीही स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश, तरी हाताला ओलं लागत नाही. वाफ शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. ती काही वेळच टिकते, पण उबेतून थंडीत पाऊल टाकल्यावर तेवढा वेळ फार मोलाचा असतो. शिवाय तंतू मुळात कुरळा असल्यामुळे भिजला तरी चपटा पडत नाही आणि मधली हवा धरून ठेवतो. सुती जीन्स भिजली की मांडीला चिकटते आणि तिच्यातली हवा संपते. धनगर पावसाळाभर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे फिरतो. घोंगडी भिजते, जड होते, पण तो तिच्याखाली गारठत नाही. तुमच्या पँटकडून अपेक्षा हीच आहे.

आता जाडी. इथे लोकरी कापड वाराला किती औंस यावर मोजलं जातं. ऑफिसच्या सुटाचं कापड नऊ-दहा औंसांचं असतं. शिकारीच्या पँट साधारण १४ पासून २४ औंसांपर्यंत मिळतात. २४ म्हणजे वाराला ६८० ग्रॅम. मॅकिनॉ नावाचं जे दाट, आटवलेलं कापड असतं ते या वजनात येतं. दिवसभर न हलता बसणाऱ्याला ते उत्तम. पण तुमचा पहिलाच हंगाम आहे. दोन तासांनी कंटाळून तुम्ही चालायला लागाल की तिथेच बसून राहाल, हे तुम्हालाही आत्ता सांगता येणार नाही. म्हणून १६ ते १८ औंसांची पँट घ्या आणि कंबरेला नेहमीपेक्षा दोन इंच मोठी घ्या, म्हणजे आत पातळ आणि जाड अशा दोन लोकरी थर्मल बसतील. मचाणापर्यंत पातळ थरावर, सावकाश चालत जा. जाड थर्मल पिशवीत न्या आणि वर चढण्यापूर्वी घाला. घाम हेही पाणीच आहे, आणि पहाटे पाच वाजता आलेला घाम आठ वाजता थंडी वाजवतो.

दुकानात दोन गोष्टी करून पाहा. पँट घालून उकिडवे बसा. आसन ताणलं गेलं किंवा मागून नेफा खाली सरकला तर ती पँट परत ठेवा. मग चार पावलं चालून मांड्यांचा आवाज ऐका. चांगल्या लोकरीचा आवाज येत नाही.

व्हरमाँटमध्ये मित्राबरोबर बर्फावर माग काढत दिवसभर चालतो. माझी जाड पँट अर्ध्या तासात आतून ओली होते. लोकर सोडून सिंथेटिक घेऊ का?
— एक वाचक, बर्लिंग्टन

लोकर ठेवा, वजन उतरवा. व्हरमाँटचे लॅरी बेनॉइट आणि त्यांचे मुलगे बर्फात नराचा माग काढत मैलोन्‌मैल चालण्याबद्दल अमेरिकाभर प्रसिद्ध झाले, तेही लोकर घालूनच. चालणाऱ्याला १४ औंसांच्या आसपासचं कापड पुरतं. आत एकच पातळ मेरिनो थर, आणि कडक थंडी नसेल तर तोही नको.

सिंथेटिक पँट लवकर वाळते, हे खरं. पण नायलॉनवर एक सुकी काटकी घासली गेली तर तो खरखराट हरणाला तुमच्या कल्पनेपेक्षा फार लांबून ऐकू जातो. लोकरीवरून तीच काटकी मुकाट्याने सरकते. माग काढणाऱ्याला केवळ एवढ्या कारणासाठीही मी लोकरच सुचवीन. दुसरं कारण शेकोटीचं. लोकर पेट घेते ती ५७० अंशांच्या पुढे. ठिणगी पडली तर जळून काळा ठिपका उरतो आणि तिथेच विझतो. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आत वितळतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं.

तुमच्या पँटची लांबी मात्र तपासा. पायघोळ पँटची कड बर्फ ओढत चालते, ते वितळतं आणि ओल पोटरीपर्यंत चढते. जुने लाकूडतोडे पँट घोट्याच्या वरच कापून टाकत. तुम्ही बुटाच्या वरच्या कडेखाली दोन-तीन बोटं येईल इतपत आखूड करून घ्या आणि वर गेटर बांधा. आणि पट्टा काढून गॅलिस लावा. ओली लोकरी पँट चांगलीच जड होते. पट्टा ती धरून ठेवायला कंबर आवळतो, मग वाफ वर जायला वाटच राहत नाही. गॅलिसवर पँट सैल लोंबते आणि चालताना आतली हवा खेळती राहते. क्लिपचे गॅलिस ऐन वेळी निसटतात. बटणाचे घ्या, नेफ्याला सहा बटणं कुणीही शिंपी लावून देईल.

लोकर अंगाला लागली की मला खाज सुटते. शिवाय बायकांच्या मापात धड काही मिळत नाही.
— एक वाचक, डुलुथ

खाज लोकरीची ‘ॲलर्जी’ असते असं बहुतेकांना वाटतं. बहुधा ती तंतूच्या जाडीमुळे येते. साधारण तीस मायक्रॉनच्या पुढचे तंतू ताठ असतात, त्यांची टोकं कातडीला टोचतात. मेरिनोचे तंतू बहुतेक वीसच्या आतबाहेर, ते वाकतात. पँटच्या टिकाऊ कापडाला जाड तंतू लागतातच, तेव्हा तो हट्ट सोडा आणि आत घोट्यापर्यंत मेरिनोची थर्मल घाला. अस्तर लावलेली पँट घेणार असाल तर अस्तर सुती नाही ना, हे पाहा. सुती अस्तर ओल धरून बसतं आणि वरच्या लोकरीचा निम्मा उपयोग घालवतं.

मापाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, माझीही तीच आहे. पुरुषांची पँट नितंबांच्या मापाने घ्या आणि कंबर शिंप्याकडून आत घ्या. कंबरेच्या मापाने घेतलेली पँट मचाणाची शिडी चढताना दगा देते.

जुन्या सामानाच्या विक्रीत वूलरिचची लाल-काळ्या चौकड्यांची पँट आणि कोट मिळाला. हरणाला लाल दिसत नाही का? आणि कापड खरंच लोकर आहे हे कसं ओळखू?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

चांगली वस्तू हाती लागली आहे. वूलरिचची गिरणी तुमच्याच राज्यात १८३० पासूनची, आणि हा लाल-काळा जोड तिथल्या शिकाऱ्यांचा जवळजवळ गणवेश होता. २०१८ मध्ये त्या गावची गिरणी बंद झाली. जुनं, घट्ट विणीचं कापड आता सहज मिळत नाही.

लाल-काळ्याची काळजी नको. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. लाल आणि नारिंगी त्याला फारसे वेगळे दिसत नाहीत. निळा मात्र उठून दिसतो, म्हणजे निळी जीन्स याही बाबतीत वाईटच. पण कोट लाल आहे म्हणून कायदा पाळला गेला, असं समजू नका. पेनसिल्व्हेनियात बंदुकीच्या हरीण हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी लागतो. लाल चौकडे त्यात धरत नाहीत. कोटावर नारिंगी जाकीट आणि डोक्यावर नारिंगी टोपी घाला. हरणासाठी नव्हे, दुसऱ्या शिकाऱ्यासाठी.

लोकर ओळखायला आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांत चुरला की भुगा होतो. पॉलिएस्टरचा गोळा टणक राहतो. कापूस कागदासारखा जळतो, पांढरट राख सोडतो. धाग्यात थोडं नायलॉन निघालं तर नाराज होऊ नका. १५-२० टक्के नायलॉन गुडघे आणि बूड टिकवतं. लेबल शाबूत असेल तर तेही वाचा. १९३९ च्या अमेरिकी कायद्यामुळे लोकरीचे टक्के छापावे लागतात आणि जुन्या चिंध्या पिंजून काढलेली लोकर असेल तर ‘रीसायकल्ड’ लिहावं लागतं. त्या लोकरीचे तंतू आखूड असतात. शहरातल्या कोटाला चालेल, काट्याकुट्यांत नाही.

मग पँट खिडकीसमोर उजेडात धरा. कसर लागली असेल तर टाचणीएवढ्या भोकांतून प्रकाश दिसेल. मांडीवर एक-दोन असतील तर रफू करा. आसनाच्या शिवणीत ओळीने असतील तर फक्त कोट वापरा.

ऑलिम्पिक द्वीपकल्पात एल्कच्या शिकारीला जातो. तिथे पाऊस थांबतच नाही. लोकर की रबरी पँट?
— एक वाचक, सिॲटल

तिथल्या होह खोऱ्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ठिकाणी एकटी लोकर पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. दिवसभराच्या धो धो पावसात कुठलीही लोकरी पँट शेवटी चिंब भिजते, तिचं वजन दुप्पट वाटू लागतं आणि वाळायला रात्रभर शेगडी लागते. रबरी पँट पाणी अडवते, पण चढावर घामाने आतून भिजवते, शिवाय आवाज करते.

घट्ट तिरप्या विणीची, व्हिपकॉर्डसारखी मध्यम वजनाची लोकर घ्या. तिच्यावरून पाणी जास्त वेळ ओघळतं आणि ओली फर्नची पानं घासली तरी लवकर मुरत नाही. पिशवीत हलकी जलरोधक पँट ठेवा आणि थांबलात की लोकरीवर चढवा. चालताना काढा. हा खटाटोप दिवसातून पाच वेळा करावा लागेल, करा. आणि तंबूत दुसरी कोरडी पँट हवीच.

आमच्याकडे पावसाळी ट्रेकला अशी पँट चालेल का?
— एक वाचक, सातारा

नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, ते तुम्हाला माहीतच आहे, आणि ती असायलाच हवी. राहिला ट्रेक. सह्याद्रीतला पाऊस वीस अंशांच्या आसपासचा, त्यात तुम्ही उकडून निघाल. हिवाळ्यात हिमालयात जाणार असाल तर वरची पहिली उत्तरं तुम्हालाही लागू आहेत.

हंगामानंतर पँट धुवायची कशी आणि ठेवायची कशी?
— एक वाचक, मेन

चिखल आधी पूर्ण वाळू द्या आणि ब्रशने झाडा. निम्म्या वेळा धुण्याची गरजच उरत नाही. कुसळं आणि चिकटी हाताने काढा. धुवायचीच तर कोमट पाण्यात, रिठ्याच्या पाण्याने किंवा लोकरीसाठीच्या साबणाने. साध्या पावडरीतली चमक आणणारी द्रव्यं कापडावर राहतात आणि हरणाला दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात उजळतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि पँट आटते. आटलेली पुन्हा सैल होत नाही. म्हणून मशीनही नको, ड्रायरही नको. ओली लोकर कमजोर असते, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडव्या दांडीवर दुमडून वाळत घाला. शेगडीपासून हातभर दूर.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांचा वास पुढच्या नोव्हेंबरापर्यंत जात नाही आणि हरणाचं नाक आपल्यासारखं नसतं. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी बसते, तेव्हा स्वच्छ, पूर्ण वाळलेली पँट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, आणि गॅलिस आधी सोडवून घ्या, नाहीतर ताणलेल्या इलॅस्टिकची घडी कायमची पडते.