टॅली सांभाळून लिनक्स

प्रश्न : पेणच्या मूर्तिकारखान्यांचे व रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील आस्थापनांचे जमाखर्च मी टॅलीवर ठेवतो. लिनक्स स्वीकारावे काय?

उत्तर : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपुष्टात आल्यापासून आपली चिंता रास्तच आहे, तथापि टॅलीप्राइम हे मुळात विंडोजसाठीच घडविलेले असल्यामुळे, ‘वाइन’ या सॉफ्टवेअरच्या आधाराने ते लिनक्सवर चालविण्याच्या खटपटीत पक्षकारांचे दप्तर पणास लावणे मला मुळीच मान्य नाही. एका संगणकावर विंडोज ११ व टॅली ठेवून पत्रव्यवहारादी कामे दुसऱ्यावर लिनक्स व लिबरऑफिसमध्ये करावीत. संगणक एकच, पण १६ जीबी रॅमचा असल्यास, लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात परवानाधारक विंडोज चालवावे आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन तेथे ओळखले जाते की नाही, हे आधी पाहावे. टॅलीच्या बॅकअपची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्यावाचून, किंवा मार्चअखेरीच्या धामधुमीत, या कामास हात घालू नये.