भांडी घासणारे हात आणि निदानपरिवर्जन

निदानपरिवर्जनाचे सुश्रुतोक्त सूत्र आपणा सर्वांस मुखोद्गत असते. परंतु निदान रुग्णाच्या मोरीतही असू शकते, याचा आम्हांस विसर पडला होता. चार घरची धुणीभांडी करणारी एक रुग्णा हातांवरील विचर्चिकेसाठी आली. स्राव नाही, त्वचा रूक्ष, भेगाळलेली, कंडू तीव्र. चरकापेक्षा सुश्रुताच्या वर्णनाशी जुळणारे हे स्वरूप. आरोग्यवर्धिनी, पथ्य व बाह्योपचारार्थ शतधौत घृत योजिले. दोन महिने उतार पडेना. आहार आम्ही बारकाईने विचारला होता, विहार विचारलाच नव्हता.

रात्रीची खरकटी भांडी सकाळपर्यंत वाळतात. मग ती खरवडण्यास साबण अधिक, तारेची घासणी, आणि हात दीर्घकाळ ओले. अंगठीखाली साबण साचतो तो वेगळाच. पूर्वीची राखच बरी, असे म्हणणाऱ्या वैद्यबंधूंनी क्षारनिर्मितीची कृती आठवावी!

काम सोडणे तिला शक्य नव्हते. म्हणून जेवण होताच उष्टे काढून भांडी पाण्यात भिजत ठेवावीत, अशी चिठ्ठी आम्ही तिच्याच हाती चारही घरी धाडली. तिला सुती मोज्यांवर रबरी हातमोजे घालण्यास व काम संपताच हात कोरडे करून घृत लावण्यास सांगितले. औषधालयचालकांनीही घृताची डबी देताना भांडी कोण घासते, एवढे अवश्य विचारावे.

तीन घरांनी ऐकले. महिन्याभरात तळहात मऊ झाले. चौथ्या घरची कढई मात्र वाळलेलीच मिळते, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवरील भेगा अद्याप भरलेल्या नाहीत.