मुंबईला जायचं की नाही? निघण्याआधी बैठकीत करायचा हिशोब



सुगी उरकली, पोरांच्या परीक्षा संपल्या की बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाचा दीर मुंबईला असतो, कुणाचा भाऊ. तो फोनवर म्हणतो, "या की इकडं. दोघांना काम मिळेल, पोरांना चांगली शाळा मिळेल." मग त्या ताईचा कर्जाचा अर्ज गटापुढं येतो. कारणाच्या रकान्यात 'घरखर्च' लिहिलेलं असतं, पण पैसे हवे असतात खोलीच्या डिपॉझिटसाठी.

या महिन्याचा अभ्यासपाठ त्यावरच आहे. जा म्हणणं किंवा जाऊ नका म्हणणं हे आमचं काम नाही. ते घरानं ठरवायचं, आणि घरात तुम्हीही आलात. पाठ एकीनं मोठ्यानं वाचावा. बाकीच्यांनी मध्येच थांबवून आपलं म्हणणं मांडलं तरी चालेल, उलट मांडावंच.

मुंबई १९६० सालापासून महाराष्ट्राची राजधानी आहे, पण गावची माणसं तिथं त्याच्या कितीतरी आधीपासून जात आली. कोकणातले आणि साताऱ्या-सांगलीकडचे गडी गिरण्यांत लागले, बायका गावी शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिल्या. मनीऑर्डरीवर घरं चालली. ज्या बायका नवऱ्यामागं गेल्या त्यांतल्या कितीजणींनी परळ-लालबागच्या छोट्या खोल्यांत खानावळी चालवल्या. सावकाराकडून उसनं घ्यायचं, महिनाभर कामगारांना जेवू घालायचं आणि पगाराला पैसे मिळाले की सावकाराला द्यायचे, असं चाललेलं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपण आज गट करून बँकेच्या दारात जातो, तेच काम होतं ते.

पुढं जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कितीतरी जणांना गिरणीतलं काम परत कधीच मिळालं नाही. कुणी गावी परतलं, कुणाचं घर बायकोच्या कमाईवर तगलं. मुंबईत कायमची म्हणावी अशी नोकरीसुद्धा एका वर्षात जाऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

आता आजचं बोलू. काम मिळतं, हे खरं आहे. गावात वर्षातले किती दिवस मजुरी लागते ते तुम्हाला सांगायला नको. मुंबईत बाराही महिने काम असतं आणि पगार महिन्याला रोख हातात येतो. धुणं, भांडी, झाडू-लादी, स्वयंपाक यांचा दर वेगवेगळा ठरतो. पोळ्या चांगल्या येत असतील तर त्याला जास्त पैसे मिळतात. पण काम धरतानाच चार गोष्टी बोलून घ्या : महिन्यात सुट्ट्या किती, गणपती-दिवाळीला गावी गेलं तर पगार कापणार का, पाहुणे आले की वाढीव कामाचे पैसे काय, आणि पगार कोणत्या तारखेला. नंतर बोललं की तोंड वाईट होतं. घरकामगारांसाठी राज्यात २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी करता येते. कामाच्या घरात कुणी अंगचटीला आलं तर लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत असतं.

दुसरी गोष्ट राहण्याची. पाहुणा 'मुंबई' म्हणतो, पण तो राहतो कुठं ते विचारा. नालासोपारा, विरार, दिवा, मुंब्रा, कल्याण, बदलापूर, यांतलंच एखादं नाव बहुधा निघेल. काम अंधेरीला किंवा दादरला आणि खोली विरारला, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास गेले. लोकलचा महिन्याचा पास स्वस्त आहे, त्याच्याच जोरावर गरीब माणूस तिथं टिकतो. पण गर्दीच्या वेळी आत शिरणंच मुश्कील. दारात लटकून जाऊ नका, रूळ ओलांडू नका, एक गाडी गेली तर जाऊ द्या. बायकांचे डबे वेगळे असतात, आणि १९९२ पासून फक्त बायकांसाठीच्या लेडीज स्पेशल गाड्याही आहेत. त्या डब्यात भाजी निवडतात, भजनं म्हणतात, संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा करतात. नव्या बाईला कामाची पहिली खबर कितीदा तिथूनच लागते. रेल्वेत अडचण आली तर १३९, आणि कुठंही संकट आलं तर ११२.

खोलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे बुडतात ते इथंच. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ होती आणि त्यांतले दहांतले चार जण झोपडपट्टीत राहत होते. म्हणजे साधी, सरळ, कागद असलेली खोली मिळणं अवघड, आणि म्हणूनच दलालांचं फावतं. भाड्याची खोली घेताना करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालेली हवी. महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी खोलीमालकावर टाकलेली आहे. हा करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिट किती दिलं तो आकडा करारात लिहिलेला पाहिजे. 'वही' दाखवून किंवा तोंडी सांगून पैसे घेणाऱ्याला देऊ नका. 'भाडं नको, फक्त मोठं डिपॉझिट द्या' असं कुणी म्हणालं तर दुप्पट सावध व्हा, तुमची सगळी पुंजी एका माणसाच्या शब्दावर अडकते.

आणि झोपडी विकत घ्यायची असेल तर? १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकांना सरकारी नियमानुसार मोफत पुनर्वसनाचा हक्क आहे. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर मिळण्याची तरतूद आहे. तेही कागदपत्रांत पात्र ठरले तर. आज नोटरीच्या कागदावर कुणी झोपडी विकली म्हणजे ती तुमची झाली, असं अजिबात नाही. पाडायला माणसं आली की तो कागद कामाला येत नाही. शेत गहाण टाकून झोपडी घेणं मला तरी जुगारच वाटतो.

आता वही-पेन घ्या. खालचे आकडे सरावासाठी धरलेले आहेत, तुम्ही पाहुण्याला विचारून स्वतःचे मांडा.

समजा, नवऱ्याला महिना १६,००० आणि तुम्हाला दोन घरचं मिळून ७,००० मिळतात. जमा २३,०००. खर्चात खोलीभाडं ७,०००, लाइट-पाणी १,०००, किराणा-दूध-भाजी ७,०००, गॅस ९००, पास आणि रिक्षा-बस १,२००, शाळा-क्लास १,०००, मोबाइल ६००, औषधपाणी ८००, गावी सासू-सासऱ्यांना २,०००. एकूण २१,५००. शिल्लक १,५००. बरं वाटलं ना? पण डिपॉझिटसाठी गटाकडून ४०,००० घेतलेत, ते वीस हप्त्यांत फेडायचे तर नुसतं मुद्दल महिना २,००० झालं. म्हणजे ५०० रुपये कमीच पडले, व्याज वेगळं, आणि गणपतीला गावी यायचं भाडं अजून धरलेलंच नाही.

याचा अर्थ जाऊच नका असा नाही. डिपॉझिट आधी साठवून गेलेली बाई आणि डिपॉझिट उसनं काढून गेलेली बाई, पगार सारखाच असला तरी वर्षभरानं दोघींची स्थिती वेगळी असते. आधी घरातल्या एकानं जाऊन सहा महिने पाहावं, मग बाकीच्यांनी. आणि गावात ज्याला पैसे पडत नाहीत ते सगळं तिथं विकत असतं : परसातली भाजी, कोंबडीची अंडी, सरपण, शेजारणीकडं लेकरू ठेवून कामावर जाणं. हा कॉलम आपण वहीत कधी मांडतच नाही, कारण ते काम बाई करते आणि त्याची किंमत कुणी धरत नाही.

पाण्याचंही तसंच. उंच इमारतीत नळ वाहतो, वस्तीत ठरलेल्या वेळी सुटतो, मग ती वेळ पहाटेची असली तरी उठायचं. मुंबईचं पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून, म्हणजे ठाणे-पालघर-नाशिकच्या गावांकडून. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. असो. संडास सार्वजनिक असेल तर रात्री तिथवर उजेड आहे का, पैसे किती, हे खोली बघायला जाल तेव्हा स्वतः चालत जाऊन बघा, पुरुषांना विचारून कळत नाही. खोली खोलगट जागी आहे का तेही बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा सखल भागातल्या वस्त्या बुडाल्या.

राजधानीत राहिलं म्हणजे सरकार जवळ येतं असं काही नाही. मंत्रालय आपल्याला बसमधून दिसेल, पण शेताच्या सातबाऱ्याचं काम शेवटी गावच्या तलाठ्याकडंच. रेशनचं मात्र बरं झालंय. आता कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर दुसऱ्या गावी, शहरातही धान्य उचलता येतं. काही धान्य सासूबाईंनी गावी आणि काही तुम्ही तिकडं, असंही चालतं. मुलांच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला तरी सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा प्रवेश तेवढ्यासाठी अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मोठ्या दुखण्याला केईएम, सायन, नायर, टाटा ही इस्पितळं तिथं आहेत, ही मुंबईची मोठी सोय. पण रांग लांब असते.

एका बाबतीत शहराचं पारडं जड आहे, आणि ते पैशाचं नाही. आपल्या गटातल्या एकल ताया, कुणी विधवा, कुणी टाकलेली, गावात त्यांच्या प्रत्येक पावलावर नजर असते. कपाळ बघून माणसं बोलतात. शहरात कोण कुणाची सून हे कुणी विचारत नाही, सकाळी कामाला गेली आणि रात्री आली तरी त्याची चर्चा होत नाही. एखादीला तेवढा मोकळा श्वास हीच मोठी कमाई वाटते, आणि तिला नावं ठेवण्याआधी आपण थांबावं. उलट बाजूही खरी आहे : तापानं पडली तर दारात कुणी येईलच असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत काम थांबलं तेव्हा लोक चालत गावाकडं निघाले, कारण भाकरी देणारं माणूस गावातच होतं.

शेवटी गटाचं. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक पहिली आहे. कायमची बाहेर राहणारी ताई बैठकीला येऊ शकत नाही, म्हणून जाण्याआधी तिचं कर्ज, बचत, व्याज यांचा हिशोब बैठकीतच, सगळ्यांसमोर करावा आणि ठराव लिहावा. कर्ज शिल्लक असेल तर हप्ता बँकेतून थेट गटाच्या खात्यावर कोणत्या तारखेला येणार आणि चुकला तर कोण जबाबदार, हे ठरावात हवं. चार-सहा महिन्यांसाठीच जाणार असेल तर तिची जागा ठेवायची का, हे गटानं ठरवावं. आमचं मत ठेवावी असं आहे. शहरातल्या वस्त्यांतही बचत गट असतात, तिथं गेल्यावर चौकशी करायला सांगा.

पुढच्या बैठकीचा अभ्यास : ज्यांच्या घरचं माणूस मुंबईला आहे अशा दोघींनी त्याच्याकडून महिन्याचा खरा खर्च फोनवर विचारून लिहून आणावा. खोलीभाडं, डिपॉझिट आणि खोलीपासून कामापर्यंतचा वेळ हे तीन आकडे नक्की आणावेत. सचिवांनी ते फळ्यावर मांडावेत आणि शेजारी गावातल्या घरचा खर्च मांडावा, परसातल्या भाजीची किंमत धरून.