तेलाचे झाड

मुलांनो, भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. कोशाचे किडे ऐन व अर्जुन या झाडांची पाने खातात. जंगल असेल, तरच कोसा मिळेल.

आता स्वयंपाकघरात पाहा. बिस्किटे, फरसाण यांत पुष्कळदा पामतेल असते. ते ऑईल पाम या झाडाच्या फळांपासून काढतात. जगातील बहुतेक पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून येते. तेथे लागवडीसाठी मोठमोठी जंगले तोडली गेली. दलदलीची जमीन चर खणून कोरडी केली. तिच्यात हजारो वर्षांचा पालापाचोळा पुरता न कुजता साठला होता. तो सुकला व पेटू लागला. १९९७ आणि २०१५ साली तेथे भयंकर वणवे लागले. जंगल व जमीन जळाली, की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू उष्णता अडवतो. त्यामुळे पृथ्वी तापते, पावसाचा नेम राहत नाही. मग आपल्या धानाचे काय?

तर हे झाड वाईट आहे का? नाही. एका हेक्टरात ते इतर तेलबियांपेक्षा कितीतरी जास्त तेल देते. ते शेतात लावावे. त्यासाठी जंगल तोडू नये.

तुमच्या घरी कोणते तेल येते? पिशवीवर वाचा आणि वहीत लिहा.