दूध पावडरचा डबा: कोणता, आणि कोणत्या बाळासाठी?



गेल्या तिमाहीत चार वाचकांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला: वाडीवरच्या तान्ह्या बाळांसाठी कोणती पावडर पाठवावी? एका मंडळीच्या महिला संघाने तर विचारण्याआधीच बारा डबे खोक्यात बांधून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला धाडले. प्रेमापोटी धाडले, यात शंका नाही. तरीही ते डबे आम्ही वाडीवर नेले नाहीत. का नेले नाहीत, आणि ज्या बाळाला डबा खरोखर लागतो त्याच्यासाठी तो कसा निवडायचा, ते या लेखात सांगते.

पहिली गोष्ट कायद्याची. बाळाच्या दुधाची पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांविषयी आपल्या देशात १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. २००३ साली तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे डबे त्यात आले. त्यानुसार अशी पावडर किंवा बाटली कोणीही कोणाला दान देऊ शकत नाही. अनाथालय हा अपवाद. दुसरा अपवाद माता-बालकांच्या आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेचा: जी आई पाजूच शकत नाही आणि जिला विकत घेणे परवडत नाही, तिला अशी संस्था डबा देऊ शकते. सरसकट वाटप मात्र गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपल्या मंडळ्यांत हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते बारा डबे आम्ही अनाथ बालकांच्या एका संस्थेला दिले.

दानाला बंदी? ऐकायला विचित्र वाटते. पण तिच्यामागे जगभरचा कडू अनुभव आहे. गरीब देशांत कंपन्यांनी बाळंतिणींना फुकट नमुने वाटले. नमुना संपेपर्यंत आईचे दूध आटले आणि मग विकत घेतलेली पावडर पुरवून पुरवून, अस्वच्छ पाण्यात कालवून दिली गेली. १९७४ साली ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने यावर पुस्तिका काढली, ती गाजली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका. आपला कायदा त्याच वाटेने आला.

आता हिशोब करून पाहा. बाळाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १५० मिलिलिटर दूध लागते. तीन किलोच्या बाळाला झाले ४५० मिलिलिटर. चारशे ग्रॅमचा डबा त्याला जेमतेम आठवडाभर पुरतो, आणि बाळ वाढले की चार दिवसांत संपतो. सहा महिन्यांत सुमारे वीस किलो पावडर, म्हणजे पन्नास डबे. डबा चारशे रुपयांचा धरला तरी वीस हजार रुपये. आपले बारा डबे बारा आयांना वाटले असते, तर प्रत्येकीला एका आठवड्याची मदत आणि पुढच्या सहा महिन्यांची अडचण मिळाली असती.

ज्यांच्यात आम्ही काम करतो ते कातकरी बांधव. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी हा एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. पाऊस सरला की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे पाणी पिंपात साठवलेले, सरपण मोजके, झोपडी विटांच्या थप्पीची. दिवसातून आठ वेळा पाणी उकळायचे, वाटी-चमचा उकळायचा, हे कोण करणार? एका भट्टीवर एक आई एका वाटीत अर्धाच चमचा पावडर कालवताना मी पाहिली आहे. डबा महिनाभर पुरवायचा होता तिला. बाळाचे पोट पांढऱ्या पाण्याने भरत होते, वजन काही वाढत नव्हते.

बहुतेक वेळा आई सांगते, “ताई, दूधच येत नाय.” हे ऐकून लगेच डबा शोधायला धावू नये. पहिले दोन-तीन दिवस थोडासा घट्ट चीक येतो. बाळाचे पोट तेव्हा एवढेसे असते, त्याला तो पुरतो. तो पिळून टाकू नये. पहिला आठवडा सरल्यावर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. बाळ जितके ओढते तितके दूध बनते. डबा सुरू केला की ओढणे कमी होते, आणि मग खरोखरच दूध कमी पडते. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाला छातीशी धरण्याची पद्धत तपासायला सांगावे, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. कामावर जाणारी आई हाताने दूध काढून स्वच्छ भांड्यात, झाकून, सावलीत ठेवू शकते. तीन-चार तास ते चांगले राहते. क्षयाच्या गोळ्या चालू आहेत म्हणून पाजणे तोडले, असेही ऐकू येते. नियमित उपचार घेणारी आई पाजू शकते, डॉक्टरांना विचारावे.

स्वतःच्या आईचे दूध नसेल तर दुसऱ्या आईचे दूध हा पुढचा पर्याय, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाला. निर्गमातल्या फारोच्या कन्येनेसुद्धा मोशेसाठी दाईच बोलावली होती, आणि मिळाली ती त्याची आईच! आज हे काम दुग्धपेढ्या करतात. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. तिथे दान आलेले दूध तपासून, जंतुरहित करून आजारी नवजातांना देतात.

तरीही काही बाळांना डबाच लागतो. आई दगावली, बाळ टाकलेले सापडले, आईची कर्करोगाची औषधे चालू आहेत, किंवा बाळाला दूध न पचण्याचा दुर्मीळ जन्मजात दोष आहे. हे डॉक्टरांनी ठरवायचे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी जन्मापासून चालणारा, गाईच्या दुधापासून बनवलेला, ‘१’ क्रमांकाचा डबा घ्यावा. ‘२’ क्रमांक सहा महिन्यांनंतरचा. या पावडरीत काय आणि किती असावे हे सरकारी नियमांनी ठरलेले आहे, त्यामुळे दुप्पट किमतीच्या डब्याने बाळ दुप्पट वाढत नाही; पुढचे महिने जो परवडेल आणि जवळच्या दुकानात मिळत राहील तो बरा. लॅक्टोजविरहित, सोयाबीनचा किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डबा चिठ्ठीशिवाय घेऊ नये. चहाची दूध पावडर आणि कंडेन्स्ड मिल्क ही बाळाची पावडर नव्हे. सहा महिन्यांच्या आत नुसते गाई-म्हशीचे किंवा शेळीचे दूधही योग्य नाही. सील आणि मुदत पाहावी. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र दिसले तर संशय घ्यावा, कारण कायद्याने ते छापताच येत नाही.

कालवताना हात धुवावेत. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगले गरम असतानाच पावडर घालावी, कारण पावडर स्वतः जंतुरहित नसते. नंतर कोमट करून पाजावे. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण असते. आपल्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून तेवढेच घ्यावे, आणि चमचा डब्यातलाच. दोन तासांत संपले नाही तर फेकावे. बाटली नको. वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे, ते घासता आणि उकळता येते.

तर काय पाठवावे? झाकणाचे स्टीलचे पातेले, वाटी-चमचा, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ. बाळंतिणीला रोज एक पोटभर जेवण मिळाले तर आम्हाला फार हवे आहे. रुग्णालयात जायच्या रिक्षाभाड्यासाठीही मदत चालेल; कित्येकदा तपासणी तेवढ्यावरच अडते. सामान पाठवताना आधी फोन करावा, म्हणजे लाँचच्या वेळेला कोणीतरी मोऱ्याच्या धक्क्यावर येऊन थांबेल.