जप्तीचा कायदा आधी लिहावा

आंतरजालावरील ज्या कल्पित देशात सहस्रावधी खेळाडू एकाच वेळी वावरत असतात, त्या देशात प्रत्येकास राहावयास स्वतःचे घर असावे असे एखाद्या खेळाच्या चालकांच्या मनात आले, म्हणजे पहिल्याच आठवड्यात टेबलावर येऊन पडतात ती चित्रे दारांची, कौलांची, शेकोट्यांची आणि भिंतीवर टांगावयाच्या ढालींची असतात. घराचा मालक खेळ सोडून निघून गेल्यावर त्या भूखंडाचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणी काढलाच तर 'ते पुढे पाहू' असे म्हणून बैठक आटोपण्यात येते. पुण्यातील ज्या कचेरीत मी खेळ-रचनाकार म्हणून नोकरीस आहे, तिच्याकडे एका परदेशी कंपनीच्या चालू खेळाचे घरांचे खाते कंत्राटाने आले, तेव्हा हे 'पुढे' येऊन ठेपलेले होते. जमीन संपली होती. नवे खेळाडू खिशात मोहरा घेऊन शिवाराबाहेर ताटकळत होते, आणि शिवारात मात्र आळ्याच्या आळ्या अशा होत्या की तेथील घरांना कित्येक महिने मालकाचा पाय लागलेला नव्हता. असे खाते जे कोणी आज नव्याने मांडू पाहत असतील, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या कामातून हाती लागलेले काही येथे लिहीत आहे. माझे सांगणे थोडक्यात इतकेच, की घर देण्याचे नियम लिहिण्यापूर्वी ते परत घेण्याचे नियम लिहावेत. दुसरे ठरले की पहिले बहुतांशी आपोआप ठरतात.

अडचण जुनी आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ल्युकासफिल्मसाठी 'हॅबिटॅट' हा खेळ रचणाऱ्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी २०,००० रहिवासी गृहीत धरले, त्यासरशी २०,००० घरे आणि ती वसविण्यापुरती गावे-शहरे रचण्याचे ओझे त्यांच्या शिरावर येऊन पडले. १९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये घर उघड्या जगात, सर्वांच्या येण्याजाण्याच्या जमिनीवरच उभे राही; त्यामुळे त्याला शेजार असे, वर्दळ असे, दारात विक्रेता बसवून दुकान मांडता येई, आणि म्हणूनच त्याला मोल होते. ते मोल इतके वाढले की ती घरे ईबेवर खऱ्या डॉलरांत विकली गेली. २००० साली त्या जगाची ट्रॅमल नावाची दुसरी प्रत चालकांनी उघडली, तेव्हा मोकळी जमीन धरण्यासाठी लोकांची एकच झुंबड उडाली. याच्या उलट 'एव्हरक्वेस्ट २' (२००४) या खेळात सराईच्या एकाच दारातून प्रत्येकजण आपापल्या स्वतंत्र खोलीत जातो. जमीन कधी संपत नाही, पण शेजारीही कधी भेटत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन'ने २००७ साली मधला मार्ग काढला: तीस घरांची एक वसाहत, आणि ती भरत आली की तशीच दुसरी. कागदावर हा मार्ग फार समंजस दिसतो. मी त्या वसाहतींतून हिंडलो तेव्हा झाडे होती, ओढे होते, अंगणात पुतळे होते, माणूस मात्र नव्हता.

यांपैकी कोणता मार्ग धरावा हा स्वभावाचा प्रश्न आहे असे पुष्कळांस वाटते. मला तो हिशेबाचा वाटतो. स्वतंत्र खोल्यांच्या व्यवस्थेत गैरहजर मालक कोणाचीच जागा अडवीत नाही, डेटाबेसातील काही ओळी तेवढ्या अडवितो. तेथे जप्तीची गरजच नाही, आणि ज्यांचे मनुष्यबळ तुटपुंजे आहे त्यांनी डोळे मिटून हाच मार्ग धरावा. परंतु उघड्या जमिनीची हौस असेल, तर जप्तीचा कायदा हा त्या व्यवस्थेचा एक भाग न राहता सगळी व्यवस्थाच त्याच्या आधारावर उभी राहते, हे आरंभीच ओळखलेले बरे.

'अल्टिमा'मध्ये मालक येऊन जाऊन राहिला नाही तर घर झिजत असे, आणि ही झीज दारावरच्या पाटीवर पायरीपायरीने उमटे. 'नव्यासारखे' येथून निघालेली ती पाटी अखेर 'कोसळण्याच्या बेतात' येथवर येई. हा मजकूर येणाराजाणारा कोणीही वाचू शके. त्यामुळे अखेरच्या पायरीवर आलेल्या घराभोवती, मृत्युशय्येपाशी गोळा झालेल्या दूरच्या नातलगांप्रमाणे, अनोळखी माणसांचा गराडा पडे. घर कोसळून आतील चीजवस्तू जमिनीवर पडली की ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचे. काही रसिकांस यात मौज वाटे, आणि त्या खेळाच्या रांगड्या प्रकृतीला ते शोभूनही दिसे. पण तोच प्रकार शांत, गृहस्थी वृत्तीच्या खेळात आणणे म्हणजे नुकसान झालेल्या माणसाचा तमाशा करणे होय. घराची अवस्था मालकास, सहमालकास आणि दफ्तरास ठाऊक असावी. शेजाऱ्याच्या पाटीवर ती लिहू नये.

सारा आगाऊ भरून घेण्यातही एक खोच आहे. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'मध्ये (२००३) घराच्या देखभालीचा पैसा घराच्याच खात्यात भरून ठेवावा लागे, आणि ज्याने तो भरपूर भरला त्याचे घर तो खेळ सोडून गेल्यावरही दीर्घकाळ उभे राही. महापौर निवडून देणारी जिवंत नगरे त्या खेळात होती, तशीच रिकाम्या घरांनी अडलेली माळरानेही होती. म्हणून आगाऊ भरण्यास कमाल मर्यादा असावी, आणि मुदत मोजावयाची ती पैशावरून न मोजता मालकाच्या प्रत्यक्ष येण्यावरून मोजावी.

आमच्याकडे आलेल्या खेळात कंपनीचा जुना हुकूम असा होता, की साठ दिवस मालक घरात आला नाही तर घर पाडावे, सामान नष्ट करावे आणि भूखंड खुला करावा. पहिली जप्ती झाली त्याच्या दुसऱ्या महिन्यात तक्रारींच्या दफ्तरात एका दर्यावर्दी माणसाचे पत्र आले. तो मालवाहू जहाजावर नोकरीला होता. भर समुद्रात आंतरजाल जेमतेम मिळे, आणि कराराची मुदत संपवून घरी आल्यावर त्याने खेळ उघडला तेव्हा त्याच्या भूखंडावर दुसऱ्याचा मनोरा उभा होता. घराची किंमत त्याने मागितली नव्हती. एका फळीवर त्याने शिंपले मांडून ठेवले होते. ते त्याच्या टोळीतल्या सोबत्यांनी निरनिराळ्या प्रसंगी दिलेले होते, प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले होते, आणि त्यांतील एक सोबती पुढे वारला होता. ते शिंपले तरी परत मिळावेत एवढेच त्याचे मागणे होते. ते परत देता येत नव्हते, कारण नोंदीच पुसल्या गेल्या होत्या.

या पत्रानंतर आम्ही सामानाचे तीन वर्ग पाडले: घराची इमारत, बाजारात पुन्हा विकत मिळेल अशी वस्तू, आणि पुन्हा कधीच मिळणार नाही अशी वस्तू. इमारत पाडली तर माणूस चरफडतो. दुसऱ्या वर्गाची निम्मी भरपाई दिली तरी तो समजूत घालून घेतो. तिसऱ्या वर्गातील एकही वस्तू नष्ट झाली तर तो कायमचा निघून जातो, आणि जाताना चार माणसे बरोबर नेतो. म्हणून जप्तीत जमीन घ्यावी, सामान कधीही घेऊ नये. ते गोदामात, मालकाच्या नावावर, मुदतीवाचून ठेवावे. यास जागा फार लागते ही सबब मी पुष्कळदा ऐकली आहे, म्हणून हिशेब देतो. मांडलेल्या वस्तूची नोंद म्हणजे तिचा क्रमांक, तिचे स्थान सांगणारे तीन आकडे, तिचा कल, आकार, रंग आणि कोरलेले नाव; चौसष्ट बाइटांत हे सर्व बसविता येते. सहाशे वस्तूंचे भरगच्च घर घेतले तरी चाळीस हजार बाइटांच्या आत ते मावते, आणि मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्रही याहून कितीतरी मोठे असते. शिवाय मांडणी स्थानांसह जपलेली असली की मालकास दुसऱ्या भूखंडावर तीच मांडणी एका खटक्यात उभी करता येते.

स्थगितीचा अधिकारही प्रथमपासून यंत्रणेत असावा. 'फायनल फँटसी १४' या खेळात पंचेचाळीस दिवस मालक घरात न आल्यास घर पाडले जाते, पण मोठ्या आपत्तीच्या काळी चालकांनी ही जप्ती थांबविलेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये जपानात नोतोचा भूकंप झाला तेव्हाही ती स्थगित करण्यात आली. असा खटका आयत्या वेळी बसविता येत नाही.

जप्त भूखंड पुन्हा द्यावयाचा कसा, याचा निकाल त्याच खेळाच्या इतिहासात पाहावा. मोकळा झालेला भूखंड विक्रीस केव्हा निघणार ती वेळ काही वर्षे गुप्त ठेवण्यात येत असे. परिणामी माणसे पाटीपुढे उभी राहून तासन्‌तास बटण दाबीत बसत, आणि ज्यांना तेवढी सवड नसे ती बॉटला ते काम सांगत. एप्रिल २०२२ मध्ये तेथे सोडत आली, तर तिच्यात दोष निघून कित्येक भूखंडांवर विजयी क्रमांक शून्य दिसू लागला आणि निर्माते नाओकी योशिदा यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. तरीही माझे मत सोडतीच्याच बाजूचे आहे. लिलावात धनिक जिंकतो, 'प्रथम येईल त्यास' या नियमात यंत्र जिंकते. सोडत बांधताना मात्र अर्जच नाही, एकच अर्ज आहे, विजेत्याने खाते बंद केले आहे, अनामत परत करताना सर्व्हर मध्येच पडला आहे, अशा कडेच्या प्रसंगांची तपासणी अगोदर करावी. भरगर्दीची सोडत सहसा नीट पार पडते.

किल्ल्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 'अल्टिमा'च्या आरंभीच्या काळात घराची किल्ली ही खिशातून चोरता येणारी वस्तू होती, आणि किल्ली गेली की घर धुऊन निघे. प्रवेशाचा हक्क नावानिशी दफ्तरात लिहावा, म्हणजे झाले.

राहता राहिला प्रश्न दर्यावर्द्यासारख्यांचा. जप्तीपूर्वी आमच्याकडून ईमेलने तीन नोटिसा जात, पण जुन्या पत्त्यावर पाठविलेली नोटीस बजावली गेली असे दफ्तराने मानले तरी माणसाला ती पोहोचत नाही. म्हणून आता मालकास एक वहिवाटदार नेमता येतो. त्याचे घरात येणे हे मालकाचेच येणे धरले जाते, मात्र त्यास सामान हलविता येत नाही. ही सवलत दिल्याबरोबर काही टोळ्यांनी एकाच इसमास बारा-पंधरा घरांचा वहिवाटदार नेमून रिकामे भूखंड राखण्याचा उद्योग सुरू केला. तेव्हा एका खात्याने एकाच घराची वहिवाट पाहावी, अशी अट घालावी लागली. कचेरीतील तरुण सहकाऱ्यांस ती जाचक वाटते. दोन भावंडांची घरे सांभाळणाऱ्या एखाद्या बहिणीस ती जाचते हे खरे आहे, आणि तिच्यासाठी अर्ज केल्यास अपवाद देण्याचे कलम आम्ही अद्याप लिहीतच आहोत.